शून्य टक्के चूक

१

गोगलगाय जिन्याच्या तळाशी सापडली. सकाळी झाडायला आलेल्या बाईंना आधी चप्पल दिसली, मग हात दिसला, आणि मग त्यांनी जी किंकाळी फोडली ती पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेली.

शंकाबाई पोचल्या तेव्हा रुग्णवाहिका नुकतीच गेली होती. त्या सुरक्षा खात्यातल्या तपासनीस. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी दहा शंका काढायची त्यांची खोड, म्हणून खात्याने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. आज त्या सही करायलाच आल्या होत्या. गावातून डोंगरावरच्या नव्या इस्पितळाकडे जाणारा रोपवे उद्या सुरू होणार होता, आणि त्याच्या केबिनची धडक-चाचणी या ऑफिसने कॉम्प्युटरवर केली होती. खऱ्या केबिनी आदळून बघणं कोणाला परवडतंय? इथे ही माणसं पडद्यावर केबिन आदळतात, आणि काय मोडलं, काय वाचलं ते सांगतात.

"घसरली बिचारी," साहेब म्हणाले. ऑफिस त्यांचं. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, आवाजात सायीचा मऊपणा. "सोबत आलेले डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण शुद्ध नाही. पोलीस बघून गेले. आणि खरं सांगू का बाई, काल तिचं गणित चुकीचं ठरलं होतं. फार मनाला लावून घ्यायची ती."

"म्हणजे घसरली की उडी मारली?"

"मी तसं कुठे म्हटलं?" साहेबांनी घाईघाईने हात झटकले.

गोगलगाय म्हणजे त्या ऑफिसातली सगळ्यात जुनी गणित करणारी बाई. हे नाव सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. ती जेवायची सावकाश, बोलायची सावकाश, आणि जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी चाचपत उतरायची. मागून येणारे हसायचे, पण तिला ओलांडून कोणी जात नसे.

दोन्ही हातांनी कठडा धरणारी बाई घसरते कशी? शंकाबाईंच्या मनात पहिली शंका इथेच उभी राहिली.

त्या तिच्या टेबलापाशी गेल्या. खुर्चीवर स्वेटर, कपात गार झालेला चहा. पडदा चालूच होता. त्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी, दोन्हींत तीच केबिन आणि तोच बफर, म्हणजे खालच्या स्टेशनातला तो जाड रबरी अडसर. दोन्ही फिल्मा गोठवून ठेवल्या होत्या आणि दोन्हींच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एकच आकडा होता. डावीकडची केबिन बफरला टेकलेली होती.

उजवीकडची अजून टेकली नव्हती. मध्ये हातभर फट होती.

२

"डावी तिची, उजवी माझी," भाचा म्हणाला. साहेबांचा सख्खा भाचा. ऑफिसात सगळे त्याला भाचाच म्हणत, आणि त्यालाही त्यात गैर वाटत नसे. डोळे लाल झालेले, नखं कुरतडलेली.

ठेकेदारबाईही तिथेच खुर्ची ओढून बसल्या. रोपवे उभारणारी कंपनी त्यांची. सकाळपासून त्या शंकाबाईंच्या पाठीला चिकटल्या होत्या, कारण सही झाल्याशिवाय त्या इथून हलणार नव्हत्या.

"मला अडाण्याला सांगतात तसं सांग," शंकाबाई म्हणाल्या.

भाच्याने पडद्यावरच्या केबिनीवर बोट ठेवलं. "केबिन खाली येतेय आणि ब्रेक निकामी झाला असं धरायचं. ती बफरवर आदळणार. तेव्हा वरचा हँगर, म्हणजे ज्या लोखंडी हाताने केबिन तारेला टांगलीय तो, टिकतो की तुटतो, हा प्रश्न. स्टेशनाच्या तोंडाशीच खाली खोल घळ आहे. हँगर तुटला तर..."

"कळलं. पुढे."

"गोगलगाईच्या... म्हणजे त्यांच्या गणितात हँगर तुटला. माझ्यात टिकला."

"मग तुझंच खरं कशावरून?"

"चूक किती टक्के, त्या आकड्यावरून!" भाचा जरा सावरला. हे त्याला पाठ होतं. "कॉम्प्युटर क्षणाक्षणाला ऊर्जेचा मेळ घालतो. आत किती घातली, आणि आता वेगात, वाकण्यात, घासण्यात मिळून किती सापडते. दोन्ही सारखी हवीत. जेवढी सापडत नाही तेवढी चूक. आमच्या ऑफिसचा नियम आहे, चूक पाच टक्क्यांवर गेली की गणित सरळ कचऱ्यात. उघडून बघायचंसुद्धा नाही. त्यांची चूक अठरा टक्के होती. माझी शून्य."

"शून्य म्हणजे अगदी शून्य?"

"जवळजवळ," तो म्हणाला, आणि त्याचा हात आपसूक नखांकडे गेला.

"अठरा टक्के ऊर्जा गेली कुठे?"

"डॅम्पिंगमध्ये असणार. केबिन टांगली की ती तारेवर वरखाली उड्या मारत बसते. कॉम्प्युटरात हवा नाही, घासणं नाही, ती थांबणार कशी? म्हणून आम्ही तिला खोटा अडथळा लावतो. मधात बुडवल्यासारखी होते आणि निवांत लटकते. मग अडथळा काढायचा, वेग द्यायचा आणि आदळायची. तो अडथळा ऊर्जा खातो, पण वेगळं सांगितल्याशिवाय कॉम्प्युटर ते खाणं कुठेच धरत नाही. तो आपला हरवली म्हणून बोंब मारतो."

"म्हणजे ती हरवलेली नव्हतीच."

ठेकेदारबाईंनी घड्याळ पाहिलं.

"आणि तू डॅम्पिंग वापरलंस?"

"वापरलं. त्यांचंच मॉडेल घेतलं ना मी, फक्त बफरचं रबर जरा बदललं."

"मग तुझी अठरा टक्के कुठे गेली?"

भाच्याच्या कपाळावर घाम आला. एवढ्यात शंकाबाईंचा फोन वाजला. धाकट्या बहिणीचा.

"ताई! उद्याच्या पहिल्या केबिनमध्ये आमची इस्पितळातली पाळी जाणार आहे, अख्खी! सगळ्या नर्सेस! मी खिडकीची जागा धरणार आहे, आत्ताच सांगून ठेवते."

आईवडील गेल्यापासून त्या दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं. धाकटीला शंकाबाईंनीच वाढवली होती, रागावून, लाड करून, रात्र रात्र तिच्या अभ्यासापाशी जागून. त्यांनी फोन ठेवला. त्या केबिनखालची घळ त्यांनी पाहिलेली होती.

३

मागचा जिना बिनखिडकीचा होता. एका दिव्याच्या उजेडात भिंतीवर ओल दिसत होती आणि खालच्या कॉम्प्युटर-खोलीतल्या पंख्यांची घरघर वर येत होती. ठेकेदारबाई दाराशीच थांबल्या. "मला जिन्यांची भीती वाटते हो," त्या म्हणाल्या, आणि ते खरं वाटलं.

शंकाबाई एकट्याच उतरल्या. कठडा मजबूत होता. पायऱ्या कोरड्या होत्या. गोगलगाय इथून खाली कशाला निघाली होती? खाली फक्त एकच गोष्ट होती. वरच्या टेबलांवर फिल्मा आणि चित्रं येतात, पण गणिताची मूळ मांडणी, कुठला अडथळा कधी लावला आणि कधी काढला ते सगळं, खालच्या यंत्रात असतं. तिने त्या दोन फिल्मा शेजारी लावून पाहिल्या. तिला काहीतरी दिसलं. आणि ती खात्री करायला निघाली.

मधल्या वळणावर त्या थबकल्या. वर दार लागल्याचा आवाज झाला. मग पावलं आली, हलकी, सवयीची, एका लयीत. पावलं थांबली आणि कोणीतरी वर उभं राहून श्वास घेत होतं.

शंकाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला, अगदी गोगलगाय धरायची तसाच.

"जपून, बाई," साहेबांचा मऊ आवाज आला. "एकट्या कशाला उतरलात? एक अपघात झालाय तेवढा पुरे."

"ठेकेदारबाई कुठे गेल्या?"

"आहेत की दाराबाहेर. फोनवर बोलतायत." साहेब एक पायरी उतरले. "काही शंका राहिली का?"

"एक राहिलीय. तुम्हाला हे डॅम्पिंग वगैरे कळतं का हो?"

साहेब हसले. "छे हो! माझा जमाना कागद-पेन्सिलीचा. हे नवीन प्रोग्रॅम आले आणि मी काखा वर केल्या. कित्येक वर्षांत माऊसला हात लावलेला नाही. मला तो एकच आकडा कळतो, चूक किती टक्के तो. तेवढ्यासाठीच तर पाच टक्क्यांचा नियम केला."

ते बाजूला झाले आणि त्यांनी वाट दिली. शंकाबाई त्यांच्या जवळून वर चढल्या तेव्हा त्यांचा खांदा भिंतीला घासत होता, इतक्या त्या कडेने चढल्या. बाहेर येऊन ठेकेदारबाई दिसल्यावर त्यांना त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली.

"साहेब चांगला माणूस आहे हो," ठेकेदारबाई चालता चालता म्हणाल्या. "तो हँगर आहे ना, तो त्यांनीच आखलाय, स्वतःच्या हाताने. आमच्या जुन्या रोपवेलाही तोच होता, आता नव्या सगळ्या केबिनींना तोच बसवलाय. पोरासारखा जपतात त्याला."

शंकाबाई हूं म्हणाल्या आणि गोगलगाईच्या टेबलापाशी आल्या. आणि जागच्या जागी खिळल्या.

पडद्यावर दोन चौकटी तशाच होत्या. डावी केबिन बफरला टेकलेली होती. उजवी केबिनही टेकलेली होती.

मधली फट नाहीशी झाली होती.

४

कोपऱ्यातली घड्याळं बघितली तर आता ती जुळत नव्हती. उजवीकडची फिल्म कोणीतरी पुढे सरकवली होती.

शंकाबाई खुर्चीत बसल्या. फिल्म सरकवणारा चोर विचित्र होता. त्याने काही नेलं नाही, पुसलं नाही, फक्त एक फट बुजवली. म्हणजे ती फट काय सांगते हे त्याला माहीत होतं. आणि फट काय सांगत होती? दोन्ही केबिनी एकाच जागेवरून, एकाच वेगाने निघाल्या. मग उजवी उशिरा का पोचली? वाटेत तिला कोणीतरी मागे ओढत होतं.

मध. अजून मधातच होती ती.

खोलीत तेव्हा कोण कोण होतं? झाडणाऱ्या बाईंना पोलिसांनी जबाबासाठी नेलेलं. ठेकेदारबाई जिन्याच्या दाराशी. साहेब जिन्यात आले ते नेमके कधी, त्याआधी कुठे होते, कोण सांगणार? आणि भाचा तेवढा इथे आसपास होता. भाच्याचं गणित, भाच्याची फिल्म, भाच्याचा घाम. सगळी बोटं त्याच्याकडेच वळत होती, आणि शंकाबाईंना नेमकं तेच खटकत होतं. इतकं सरळ असतं तर त्यांना सहीवर पगार मिळाला नसता.

त्यांनी दोन्ही फिल्मा सुरुवातीला नेऊन ठेवल्या आणि भाच्याला हाक मारली. ठेकेदारबाईंना म्हणाल्या, "तुम्ही इथेच बसा. जे दिसेल ते लक्षात ठेवा, पण तोंडाला कुलूप."

"ए, मला या दोन फिल्मा जुळवून दे रे," त्या भाच्याला म्हणाल्या. "धडकेचा क्षण बघायचाय."

भाचा बसला. त्याने केबिनींकडे पाहिलंच नाही. त्याने आधी घड्याळं पाहिली, डावी फिल्म टेकेपर्यंत नेली, तिच्या कोपऱ्यातला आकडा वाचला आणि तोच आकडा उजवीत टाकला.

फट पुन्हा दिसू लागली. हातभर.

भाचा बघत राहिला. आधी काहीच कळलं नाही त्याला. मग त्याचा चेहरा असा उतरला की ठेकेदारबाई अर्धवट उठल्या.

"ही... ही उशिरा येतेय," तो पुटपुटला. "असं कसं? असं होणारच नाही. वेग तोच दिलाय मी."

"सेटिंग बघता येईल इथून?"

"इथून नाही, खाली यंत्रात... थांबा, मी जाऊन येतो."

"एकटा नको जाऊस," शंकाबाई इतक्या जोरात म्हणाल्या की त्या स्वतःच दचकल्या. "तुम्ही जा त्याच्याबरोबर, बाई. जिन्याची भीती आज बाजूला ठेवा."

ते परत आले तेव्हा भाच्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"डॅम्पिंग चालू आहे. केबिन स्थिर झाल्यावर बंद व्हायला हवं, तसं नाही झालेलं. वाटभर चालू आहे. धडकेच्या वेळी चालू आहे. आणि ते खाणं मोजायचा पर्यायही चालू केलाय कोणीतरी, म्हणून चूक शून्य. मी... मी नव्हता केला."

"मग काल का म्हणाला नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "परवा संध्याकाळी मी गणित लावलं. मामा म्हणाला, तू घरी जा, मी बघतो. सकाळी बघितलं तर शून्य. सगळ्यांनी पाठ थोपटली. मला वाटलं... मला विचारायचंच नव्हतं, बाई. विचारलं असतं तर ते माझं राहिलं नसतं."

"आणि ते बंद कधी होतंय? शेवटपर्यंत चालू आहे?"

"नाही. धडक झाली की लगेच बंद."

शंकाबाईंनी डोळे मिटले. विसरून राहिलं असतं तर शेवटपर्यंत राहिलं असतं. धडकेनंतर कशाला बंद करायचं? कारण आदळलेली केबिन झोके घेते. मधातली केबिन आदळून तशीच गुपचूप उभी राहिली असती, आणि फिल्म बघणाऱ्या कोणालाही ते विचित्र दिसलं असतं. ज्याने हे केलं त्याला धडकेचा क्षण ठाऊक होता आणि लोक फिल्म कशी बघतात तेही ठाऊक होतं.

"तुझ्या मामांना बोलाव," त्या म्हणाल्या. "फिल्मा पुन्हा सुरुवातीला ने. आणि तू दाराबाहेर थांब."

५

"बसा साहेब. तुमचीच मदत हवीय. हा पोरगा गडबडलाय, त्याला जमेना. मला फक्त या दोन फिल्मा जुळवून द्या, आणि मी सही करून मोकळी होते."

सही हा शब्द ऐकून साहेबांचे खांदे सैल झाले. त्यांनी माऊस हातात घेतला. कित्येक वर्षांत न धरलेला माऊस त्यांच्या हाताला अगदी अचूक ओळखत होता. डावी फिल्म टेकेपर्यंत सरकली. मग उजवी. तिच्या घड्याळाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. केबिन बफरला टेकली तशी त्यांनी ती झटकन गोठवली.

"हे बघा. दोन्ही एकाच क्षणी."

शंकाबाईंनी दोन्ही कोपऱ्यांतल्या घड्याळांकडे बोट केलं.

"भाच्याने घड्याळं जुळवली," शंकाबाई सावकाश म्हणाल्या. "कोणीही तेच करेल. तुम्ही केबिनी जुळवल्यात. सकाळीही तुम्हीच जुळवल्यात, मी जिन्याकडे गेले तेव्हा. ज्याला फक्त एकच आकडा कळतो त्याला ती फट बुजवावीशी का वाटली, साहेब?"

साहेबांचा हात माऊसवरून उचलला गेला नाही.

"मी सांगते. गोगलगाईची चूक अठरा टक्के होती, पण त्या हरवलेल्या ऊर्जेची आलेखावरची रेघ आम्ही आत्ता उघडून पाहिली. ती सगळी सुरुवातीला, केबिन स्थिर होताना खाली गेलीय. नंतर पट्टीने आखल्यासारखी सपाट. धडकेत कणभर हरवलेली नाही. म्हणजे तिची धडक खरी आणि तुटलेला हँगरही खरा. भाच्याच्या गणितात सगळ्याचा मेळ बसतो, कारण अडथळ्याने खाल्लेलंही मोजलंय. फक्त त्या खाण्याची रेघ अहवालातून गाळलीत. ती बफरपर्यंत चढतच जाते. धडकेची निम्मी ताकद तुमच्या मधाने खाल्ली, हँगर टिकला, आणि चूक शून्य. तुमचा तो पाच टक्क्यांचा नियम! कोणी उघडून बघू नये म्हणून याहून चांगली सोय सापडली नसती."

"तो हँगर तुटत नाही," साहेब म्हणाले. आवाजातली साय गेली होती. "मी आखलाय तो. इतकी वर्षं लोक वाहिलेत त्याने. एका बाईच्या हट्टापायी सगळ्या केबिनी उतरवायच्या? माझ्या तोंडाला काळं?"

"तुम्ही तिला ढकललंत."

"हात धरला फक्त! खाली जाऊ नको म्हटलं. ती कठडा सोडेना, मी बोटं सोडवली... ती कधी कठडा सोडत नाही हो. मला काय माहीत, सोडला की अशी..." ते थांबले. ठेकेदारबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता.

मग साहेबांनी मान वर केली.

"ब्रेक निकामी होणारच नाही, बाई. होत नसतो. तुम्हीच बघा आता. दुपारी मी स्टेशनला फोन केला, सही झाली म्हणून सांगितलं. नर्सेसना आजच एक फेरी मारून आणा म्हटलं. एव्हाना केबिन वर पोचून परतसुद्धा फिरली असेल."

६

स्टेशनचा फोन लागत नव्हता. ठेकेदारबाईंनी रोपवे चालवणाऱ्या चालकाचा खाजगी नंबर फिरवला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"थांबव!" त्या ओरडल्या. "आहे तिथे थांबव! मी सांगतेय म्हणून!"

भाचा दारात उभा होता. मामाच्या आणि दाराच्या मध्ये. मामा मात्र कुठे जायच्या विचारात नव्हता. तो पडद्यावरच्या टेकलेल्या केबिनीकडे बघत बसला होता.

शंकाबाईंनी धाकटीला फोन लावला. रिंग वाजली, वाजत राहिली. देवा, उचल गं, उचल.

"ताई!" वाऱ्याचा आवाज, मागे बायकांची किलबिल. "ताई, अगं ही मध्येच थांबली! धाडकन! आम्ही घळीच्या बरोब्बर वर आहोत आणि ही नुसती झोके घेतेय. काय झालंय?"

"काही नाही. मीच थांबवायला सांगितलंय. हळूहळू खाली आणतील."

"तू? म्हणजे नक्की काहीतरी आहे." धाकटीचा आवाज बारीक झाला. ती लहानपणी अंधाराला भिऊन अशीच बोलायची. "ताई, झोका थांबत का नाहीये गं? इतका वेळ?"

पडद्यावर एका आकड्याने झोका थांबतो. शंकाबाईंनी सकाळपासून तेच पाहिलं होतं. बाहेर असा आकडा नसतो. बाहेर केबिन जेवढी हलायची तेवढी हलते आणि वारा, तार, लोखंड मिळून तिला आपल्या सवडीने शांत करतात.

"खऱ्या झोक्याला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना खाली बसायला सांग. मधोमध. खिडकीची जागा सोड, माझं ऐक. मी फोन ठेवत नाहीये."

"ठेवू नकोस."

"नाही ठेवत."

ठेकेदारबाई दुसऱ्या फोनवर चालकाला सांगत होत्या, मोठी मोटर नको, राखीव इंजिन लाव, माणूस चालतो त्याहून सावकाश आण, प्रत्येक ब्रेकवर एकेक माणूस उभा कर. त्या रडत होत्या आणि सूचना मात्र एकही चुकत नव्हती.

शंकाबाई ऐकत राहिल्या. धाकटी कधी बोलत होती, कधी नुसती श्वास घेत होती. कोणीतरी नर्स हळू आवाजात प्रार्थना म्हणत होती. मग धाकटी म्हणाली, "थांबला झोका." आणि नंतर, "हललो गं. अगदी हळू. गोगलगाईसारखे चाललोय."

तिला काय माहीत, पण शंकाबाईंना हुंदका आवरता आला नाही.

भाचा जवळ आला. "त्या उठतील ना?" त्याने दबक्या आवाजात विचारलं. "मला त्यांना सांगायचंय. त्यांचं बरोबर होतं म्हणून."

"उठेल," शंकाबाई म्हणाल्या. "सावकाश. ती सगळं सावकाशच करते." हे खरं ठरेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिचा गार चहा अजून तिथेच होता आणि कोणालाही तो कप उचलावासा वाटत नव्हता.

फोनमध्ये आता लोखंडाची करकर ऐकू येऊ लागली. स्टेशन जवळ आलं होतं. घळीचं तोंड, शेवटचा टप्पा, मग बफर. शंकाबाईंनी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरली. समोरच्या पडद्यावर दोन केबिनी गोठून उभ्या होत्या. एक खरी, एक खोटी, दोन्ही रिकाम्या. तिसरीत त्यांचं सगळं घर होतं.

"दिसतोय बफर," धाकटी म्हणाली. "येतोय. येतोय. ताई, तू आहेस ना?"

"आहे."

करकर थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, वाराही नाही.

"टेकली," धाकटी म्हणाली.